चौथ्या चाकाचं कुंकू

शुद्धलेखन चुकलं असेल आणि अक्षरही वाकडंतिकडं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाकडे मागते ते मलाच माहीत नाही, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात यायचं ते रेशनच्या दुकानात सही करायला, नाहीतर दूधवाल्याचे खाडे लिहायला. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती फुकट जाऊ नयेत म्हणून लिहायला बसले.

लिहायचं आहे ते गाडीच्या गळतीबद्दल. बाईमाणसाने गाडीबद्दल काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण ती चार वर्षं माझं सगळं चित्त त्या गाडीच्या खालीच होतं.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. पुढे दोन माणसं बसतील एवढी केबिन आणि मागे उघडा हौदा. आमचे हे आधी भाईंदरला भांड्यांच्या एका गाळ्यावर दुसऱ्याची गाडी चालवायचे. स्टीलच्या पत्र्याचा माल आणायचा, तयार भांडी पोचवायची. मग माझे थोरले दीर म्हणाले, किती दिवस दुसऱ्याची चालवणार, स्वतःची घे. त्यांना आम्ही दादा म्हणतो. पैसे दादांनीच दिले, आपल्या फंडातून काढून. गाडीही त्यांनीच पसंत केली. बॉनेट उघडून, मान वाकडी करून इंजिनचा आवाज ऐकला आणि ह्यांना म्हणाले, "घे. डोळे मिटून घे."

पैसे फिटेपर्यंत आम्ही नवघरला त्यांच्याकडेच राहायचं, असं ठरलं. वेगळं भाडं भरत बसलात तर माझे पैसे कधी फेडणार, असं ते म्हणाले आणि त्यात चूक काही नव्हतं. घर बैठं होतं. दोन खोल्या, ओटा, पुढे लाद्यांचं अंगण. भोवती बिल्डिंगा उठत होत्या, त्यामुळे अंगणात ऊन दुपारीच काय ते यायचं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपायचो. मुलगी पाच वर्षांची होती, तिला जागा नव्हती. ती माणगावच्या आतल्या गावी माझ्या आईकडे राहिली. पैसे फिटले की आपली खोली, आणि खोली झाली की मुलगी. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

आमच्यात थोरल्या दिरांशी धाकट्याची बायको थेट बोलत नाही. समोर जायचं तर डोक्यावर पदर. आता हे बऱ्याच घरांत सुटलंय, पण दादांकडे होतं. तेही माझ्याशी थेट बोलत नसत. मी दोन हातांवर उभी असले तरी ते माझ्या जावेला, म्हणजे ताईंना, म्हणायचे, "तिला सांग, चहात साखर कमी आहे." ताई माझ्याकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "चहात साखर कमी आहे." मी ताईंना म्हणायचे, "घालते." ताई दादांना सांगायच्या, "घालतेय." एवढं होईपर्यंत चहा निवायचा.

मी मुळात अबोल. त्या घरात राहून आणखी अबोल झाले. बाजारहाट ताई करायच्या. मी स्वयंपाकघर, मोरी आणि अंगण. रविवारी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून मुलीशी बोलायला जायचे, तेवढीच माझी घराबाहेरची चाल.

गाडी आणली त्याच्या दुसऱ्याच सकाळी अंगणात काळा डाग होता. बशीएवढा.

"अगं बाई, माझ्या लाद्या बघ!" ताई ओरडल्या.

दादा ओट्यावर मशेरी लावत होते. म्हणाले, "गाडी म्हटली की थोडं गळणारच. माणसाला घाम येत नाही? तिला सांग, पुसून घे."

"पुसून घे," ताई म्हणाल्या.

मी पुसून घेतलं. रोज घेत राहिले. आधी राखाडी टाकायची, तिने तेल ओढलं की झाडून काढायची, मग सोडा आणि काथ्या. दादांनी पसंत केलेली गाडी गळते, हे मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. ह्यांनी एकदा म्हटलं, "दादा, तेल जरा जास्तच जातंय," तर दादा चार दिवस धड बोलले नाहीत. म्हणून हे गप्प बसले. तेल मात्र आठवड्याला विकत घालावं लागत होतं, आणि जो पैसा तेलात गेला तो फेडीत कमी पडत होता. महिनाअखेरीला हे रिकाम्या हाताने दादांसमोर उभे राहायचे तेव्हा मला चुलीपुढून उठून कुठेतरी निघून जावंसं वाटायचं. जाणार कुठे? अंगणात.

रोज घासून घासून मला डाग ओळखू यायला लागले. इंजिनचं तेल काळं, बोटाला पातळ लागतं. गिअरचं तेल जाड, मधासारखं ओढलं जातं, आणि वास असा की नंतर जेवण नको वाटतं. डिझेलचा डाग मोठा दिसतो, पण ते असतं थोडंसंच, पसरतं फार. रेडिएटरचं पाणी वाळलं की तांबूस कड उरते. गाळ्यावरून भांड्यांचे रिकामे खोके यायचे, ते फाडून मी गाडीखाली पसरायला लागले. ताईंना वाटलं, लाद्या खराब होऊ नयेत म्हणून. तसंही होतंच. पण सकाळी मी तो पुठ्ठा मोरीत नेऊन बघायचे. पुढचं चाक कुठे होतं तिथे कोळशाने खूण केलेली असायची.

आधी मी चुकले. थेंब जिथे पडला त्याच्या बरोबर वर बघत बसले, आणि तिथे काहीच सापडेना. मग एकदा पुठ्ठा धरून उभी असताना माहेरचं घर आठवलं. कौलारू घरात पाणी चुलीवर ठिपकायचं आणि बाबा कौल बदलायला चढायचे ते पार देवघराच्या वर. पाणी वाशावरून घरंगळत यायचं, जिथे अडेल तिथे पडायचं. बाबा म्हणायचे, खाली बघून गळती सापडत नाही, वर चढावं लागतं. तेलाचंही तसंच असणार, शिवाय गाडी पळताना वाऱ्याने ते मागेही जात असणार. म्हणजे शोधायचं ते थेंबाच्या वर आणि पुढे.

एका रविवारी दुपारी दादा आणि ताई लग्नाला गेले होते. मी ह्यांना म्हटलं, "इंजिन डिझेलने धुऊन द्या मला."

"तुला काय करायचंय?"

"द्या तर."

त्यांनी धुऊन, फडक्याने कोरडं करून दिलं. मी आमच्या पिशवीतली अंगाला लावायची पावडर आणली आणि फडक्याच्या पुरचुंडीने सगळ्या इंजिनावर थापली. हे बघतच राहिले. "बाळंतिणीच्या पोरासारखं केलंस गं ह्याला!" म्हणाले आणि हसायला लागले. त्या घरात ते फारसे हसायचे नाहीत.

मग जेसल पार्कपर्यंत गाडी नेऊन आणली. बॉनेट उघडलं तर पांढऱ्यावर एकच काळी रेघ. अगदी वरच्या झाकणाच्या कडेने निघालेली, खाली उतरलेली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने त्या झाकणाचं पॅकिंग बदललं, किरकोळ काम निघालं. पुठ्ठ्यावरचा बशीएवढा डाग रुपयाएवढा झाला.

"मिस्त्रीला सापडलं," असं ह्यांनी दादांना सांगितलं. मला आत म्हणाले, "तू मनावर घेऊ नकोस. आपण गाडीला नावं ठेवली असं वाटेल त्याला." मी मनावर घेतलं नाही. थोडं घेतलं.

पुढे त्याच रीतीने रेडिएटरचा खालचा पाइप सापडला, गिअरचं एक सील सापडलं. दर वेळी मिस्त्रीला सापडलं. पीसीओवर मुलगी विचारायची, "आई, मला कधी नेणार?"

"गाडीचे पैसे फिटले की."

"गाडी अजून गळते?"

"आता कमी गळते."

"मग थोडी उरली ना," ती म्हणायची आणि आजीकडे फोन द्यायची.

तिसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला दादांनी गाडीची पूजा केली. दर वर्षी तेच करायचे. झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं, पुढच्या उजव्या चाकाशी नारळ. चारी चाकांवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक आणि हळदीची बोटं. मग म्हणाले, "तिला सांग, पूजेचं आहे, चाकांना हात लावायचा नाही. आपोआप जाईल ते." हे गाडी धुवायचे तेव्हाही चाकं सोडून धुवायचे.

चार दिवसांत कुंकू वाळून पोपडे धरतं. तीन चाकांवर तसंच झालं. मागच्या डाव्या चाकावर झालं नाही. स्वस्तिकाचे खालचे पाय विरघळून टायरवर लाल ओघळ आला होता, आणि तो ओलाच होता. ते चाक अंगणातल्या पाण्याच्या पन्हळीवर उभं राहायचं. तिथे माझा पुठ्ठा पुरत नसे. जे काही ठिपकत असेल ते माझ्याच धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जात होतं.

मी ताईंना म्हटलं, "ते कुंकू वाळत का नाही?"

"नारळाचं पाणी उडालं असेल. तुझं लक्ष कुठे असतं गं, मेथी निवड."

सातव्या दिवशी अंगण झाडताना मी त्याला बोट लावलं. हात लावू नको म्हटलेलं असताना लावलं, म्हणून आधी नमस्कार केला. बुळबुळीत होतं, पण इंजिनच्या तेलासारखं नाही. डिझेलचा वास नाही. बोट पाण्याखाली धरलं तर साबण न लावता निघून गेलं. असं काही मी ह्याआधी पुसलं नव्हतं. मग नख लावून बघितलं, तर चाकाचा रंग दुधावरच्या सायीसारखा सरकला. रंग खाणारं तेल गाडीत एकच असतं, हे मला ह्यांच्या बोलण्यातून माहीत होतं. एकदा बाटली सांडून केबिनजवळचा रंग गेला होता, तेव्हा ते हळहळले होते. ब्रेकचं तेल.

त्याच वेळी हे डबा घेऊन बाहेर आले. दादा ओट्यावर मशेरी लावत बसलेले. मी झाडू हातात धरून तिथेच उभी. सांगायचं तर दादांसमोर सांगायचं, आणि सांगायचं काय, तर तुम्ही पूजा केलेली, तुम्ही पसंत केलेली गाडी. जीभ उचललीच नाही. पदर सारखा केला आणि बाजूला झाले. गाडी गेली. घोडबंदर रोडला माल पोचवायचा होता, वरसावेच्या पुढे.

तो दिवस मी कसा काढला ते लिहिता येत नाही. पोळ्या जळल्या. ताई दोनदा म्हणाल्या, "बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे." गेटाची कडी वाजली की बाहेर यायचे. एकदा भंगारवाला होता, एकदा पोस्टमन.

हे दिवेलागणीला आले. हात धुताना मोरीत हळूच म्हणाले, "आज पुलाच्या उतारावर ब्रेक खालपर्यंत गेला. तीन वेळा दाबला तेव्हा लागला. पुढे बस होती."

मी सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला माहितेय जरा खाली लागतो ते. दोनदा तेल घातलं मी वरून."

"आणि बोलला नाहीत?"

"तू तरी सकाळी कुठे बोललीस?"

मी टॉवेल पुढे केला. ते म्हणाले, "उद्याचा माल झाला की दाखवतो. आगाऊ भाडं घेतलंय आणि ते दादालाच दिलंय. आता गाडी उभी केली तर काय सांगू? आठवडा नाही झाला पूजेला."

गाडीची चावी रात्री देव्हाऱ्यात ठेवायची, ही दादांची पद्धत. कुंकवाच्या करंड्याशेजारी. सकाळी आंघोळ करून मी दिवा लावायचे आणि चावी ह्यांच्या हातात द्यायचे. दुसऱ्या सकाळी मी दिवा लावला, चावी उचलली, मूठ मिटली आणि तिथेच बसून राहिले.

"चावी?" हे म्हणाले.

मी देवाकडे बघत राहिले.

"अगं, चावी दे. माल भरायचाय."

ताई चहाचं पातेलं उतरवत होत्या. "काय झालं गं? दे की."

ओट्यावरून दादांचा आवाज आला, "तिला सांग, उशीर होतोय. का चावी द्यायलाही मुहूर्त बघायचाय?"

"उशीर होतोय," ताई म्हणाल्या.

मी उठले. डोक्यावर पदर घेतला आणि ओट्यावर गेले. दाराची चौकट धरली. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड करून बोलले. "दादा, मागच्या डाव्या चाकाचं कुंकू अजून ओलं आहे."

दादांनी सवयीने ताईंकडे बघितलं. ताई पातेलं धरून दारात उभ्या होत्या. सांगायला काही उरलंच नव्हतं, दादांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"तिला सांग," दादा म्हणाले आणि थांबले. मग अंगणाकडे बघून म्हणाले, "नारळाचं पाणी असेल."

"नारळ पुढच्या चाकाला फोडला होता. उजव्या."

दादा उठले. मशेरीचं बोट तसंच वर धरून चाकाजवळ उकिडवे बसले. दुसऱ्या हाताने ओघळाला बोट लावलं, वास घेतला, नखाने रंग खरवडला. रंग सरकला. मला त्यांची पाठ दिसत होती. इतके दिवस त्या पाठीची मला भीती वाटायची. तेव्हा दिसलं, की बनियन दोन ठिकाणी उसवलेलं आहे. आमच्या गाडीसाठी फंड मोकळा केलेला माणूस.

"मिस्त्रीला इथेच बोलाव," ते ह्यांना म्हणाले. "चालवत नेऊ नकोस."

मिस्त्री आला. उत्तरेकडचा होता, गंमत्या. चाक काढलं, आतला डबा ठोकून काढला आणि म्हणाला, "अरे बाप रे! सेठ, इसका तो लायनर ब्रेक ऑइल में नहा रहा है. सिलिंडर कब का गया. किसने पकड़ा?"

ह्यांनी दादांकडे बघितलं. मग दादा म्हणाले, "घरवालों ने." माझ्याकडे न बघता.

"भाभीजी ने? फिर तो मेरी दुकान बंद समझो," मिस्त्री हसला.

दादा हसले नाहीत. म्हणाले, "तिला सांग, मिस्त्रीला चहा टाक." ताईंनी मला सांगितलं नाही. त्या स्वतः आत गेल्या आणि चहा टाकला.

आगाऊ घेतलेलं भाडं दादांनी परत दिलं, माल दुसऱ्या गाडीने गेला. तेल सोडणारा ब्रेकचा सिलिंडर नवा बसला, दोन्ही मागच्या चाकांचे लायनर, म्हणजे चाकाला आतून दाबून धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, बदलले, आणि त्या महिन्याची फेड पुन्हा राहिली.

माझं काही बदललं असं नाही. त्यानंतरही वर्षभर स्वयंपाकघरातच झोपलो, तीच मोरी, तेच अंगण. कधी कधी वाटायचं, गाडीतलं सगळं कुठून ना कुठून बाहेर पडतं, आपल्यालाच वाट नाही. एवढंच झालं, की रविवारी दादा ओट्यावरून म्हणायचे, "तिला सांग, गाडी बघ म्हणावं." मग मी पुठ्ठा घेऊन बघायचे आणि ताईंना सांगायचे, ताई त्यांना सांगायच्या. आता "मिस्त्रीला सापडलं" म्हणावं लागत नव्हतं. गाडी उभी राहण्याचे दिवस कमी झाले, आणि चौथ्या वर्षी एकही महिना चुकला नाही.

शेवटचे पैसे ह्यांनी आधी देव्हाऱ्यापुढे ठेवले, मग दादांना दिले. काशीमिऱ्याला भाड्याची खोली बघून ठेवली होती. मुलीला आणायला शनिवारी जायचं होतं. दादांनी नोटा मोजल्या नाहीत, तशाच कपाटात ठेवल्या. मग देव्हाऱ्यातली चावी उचलून बाहेर आले. मी सामानाला दोरी बांधत होते, पटकन पदर घेतला.

ताई आतच होत्या. दादांनी आजूबाजूला बघितलं, आणि चावी माझ्यापुढे धरली.

"आता गळत नाही ना कुठे?"

मला विचारत होते. मी म्हटलं, "मागच्या दोन चाकांमधल्या हौजिंगला थोडा ओलावा आहे. बाकी कोरडी आहे."

"तेवढा असणारच," ते म्हणाले. "लक्ष ठेव."

चावी घेतली. गाडी निघाली तेव्हा पन्हळीजवळच्या लादीवर एक जुना डाग राहिला होता, तो कितीही घासला तरी गेला नव्हता. दादांचे पैसे मात्र सगळे फिटले.